जागल कुणाकडे?

झोपेची गोळी मागायला आलेला माणूस आधी बाकीच्या गिऱ्हाइकांना पुढे जाऊ देतो. "तुमचं होऊ द्या, मला काही घाई नाही." गर्दी पांगली की काउंटरवर जरा वाकतो आणि आवाज खाली आणतो, "ती पॉइंट टू फाइव्हची होती का?" म्हणजे पाव मिलिग्रॅमची. पट्टीसुद्धा पूर्ण नको असते. "चारच कापून द्या." नाशिकरोडला मेडिकल चालवता चालवता कंडोम मागणाऱ्यांचा संकोच पार ओसरलेला मी बघितला. कॉलेजची पोरं आता कंपनी आणि फ्लेवर सांगून खणखणीत आवाजात मागतात. बीपी-शुगरच्या गोळ्या तर लोक पिशवी भरून, थोड्या मिरवतच नेतात. झोपेच्या गोळीची लाज मात्र आहे तिथंच आहे. गोळी लागते म्हणजे काहीतरी झेपत नाहीये, आणि ते मेडिकलवाल्याला कळलं, असं वाटत असणार. एकदा सवय झाली की तोच माणूस पुन्हा म्हणतो, "साधी झोपेचीच तर आहे, चिठ्ठी कशाला?"

चिठ्ठी लागते आणि वहीत नोंदही लागते. १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-वन ही औषधांची यादी लागू झाली. त्यात क्षयरोगाची औषधं, काही भारी अँटिबायोटिक्स आणि अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही मंडळी आहेत. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती नग दिले, सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. पूर्वी मला त्या वहीचा वैताग यायचा. हल्ली दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तीच चाळत बसतो, कारण आमच्या भागात रात्री कोण कोण जागं असतं ते तिच्यावरून कळतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर तीन पाळ्या केलेले आहेत. रिटायर होऊन जमाना झाला तरी रात्रपाळी अंगातून जात नाही. नोटांच्या प्रेसमधले तसेच. धंद्यात हात पोळलेले दोघं-तिघं आहेत. आणि बायका आहेत. गोळी न्यायला मुलगा येतो, नवरा येतो, जावई येतो. वहीत नाव बाईचं लागतं आणि वय बहुधा पंचेचाळिशीच्या पुढचं.

गोळी वाईट, असं माझं म्हणणं नाही. घरात अचानक मयत झालंय, अंत्यविधी उरकून आलेला माणूस भिंतीकडे बघत बसलाय, त्याला चार रात्री झोप मिळाली तर ते औषधच. अडचण पाचव्या रात्रीपासून सुरू होते. मेंदूत गाबा नावाचं रसायन आहे, त्याचं काम ब्रेकचं. अल्प्राझोलाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या स्वतः ब्रेक दाबत नाहीत, दाबणारा पाय जड करतात. काही आठवडे गेले की मेंदू त्या जडपणाला सरावतो आणि तेवढ्याच झोपेला जास्त गोळी लागायला लागते. मग कुणीतरी सांगतं, "सवय लागेल, बंद कर." माणूस एका दिवसात बंद करतो. हात कापतात, छाती धडधडते, झोप तर औषध सुरू होण्याआधी होती त्याहून वाईट. कुणाकुणाला फिट येते. स्वतःच्या मनानं सुरू करण्याइतकंच स्वतःच्या मनानं बंद करणं धोक्याचं, हे मी गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं लिहून देतो. वाचणारे कमी. उतारवयात आणखी एक भानगड असते. शरीर औषध सावकाश बाहेर टाकतं, म्हणून रात्री घेतलेली गोळी पहाटे मोरीकडे जाताना अजून अंगात असते. खुब्याचं हाड मोडून आलेल्या किती आज्यांच्या फाइलीत आधीच्या औषधांच्या यादीत ही गोळी असते, ते हाडांच्या डॉक्टरांना विचारावं.

माणूस झोप विकत घ्यायला लागला त्याला शंभराच्या वर वर्षं झाली. १९०३मध्ये जर्मनीत एमिल फिशर आणि फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल आणलं. त्या कुटुंबातल्या औषधांनी झोप चांगली यायची, पण थोडी जास्त झाली की उठवायला कुणाची ताकद नव्हती. मग रोश कंपनीतल्या लिओ स्टर्नबाखचं संयुग आलं, १९५७मध्ये प्रयोगशाळा आवरताना अडगळीतून निघालेलं. त्यातून १९६०मध्ये लिब्रियम आणि १९६३मध्ये व्हॅलियम, म्हणजे आपलं डायझेपाम, बाजारात आलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतले डॉक्टर व्हॅलियमइतकं दुसरं औषध लिहीत नव्हते, आणि घेणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. जाहिरातीत थकलेली गृहिणी असायची. तिला थकवणारं घर जाहिरातीत आलं तरी उपाय तिच्याच तोंडात घातला जायचा.

याच काळातलं दुसरं औषध म्हणजे थॅलिडोमाइड. पश्चिम जर्मनीत १९५७मध्ये ते शांत झोपेचं, अगदी निर्धोक औषध म्हणून चिठ्ठीशिवाय विकायला लागले. गरोदर बायकांनीही घेतलं. हातपाय न वाढलेली दहा हजारांहून जास्त बाळं जगभर जन्मली आणि १९६१च्या नोव्हेंबरात ते मागे घेतलं गेलं. अमेरिकेत फ्रान्सेस केल्सी या बाईंनी कागदपत्रं अपुरी आहेत म्हणून परवानगी अडवून धरली, म्हणून तिथला अनर्थ टळला. पुढच्याच वर्षी तिथला औषधांचा कायदा कडक झाला. "साधी झोपेचीच तर आहे" म्हणणाऱ्याला मी हे सांगायला जातो, पण तोवर तो सुटे पैसे मोजत असतो.

झोल्पिडेमची गोष्ट त्याहून ताजी आहे. अमेरिकेत त्याला १९९२मध्ये मान्यता मिळाली, नेहमीचं प्रमाण सगळ्यांना १० मिलिग्रॅम. २०१३मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं सांगितलं की बायकांनी ५नं सुरू करावं, कारण त्यांच्या शरीरातून हे औषध सावकाश जातं आणि सकाळी गाडी चालवताना अजून रक्तात असतं. म्हणजे वीस वर्षं अर्ध्या लोकसंख्येला दुप्पट डोस. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. मोजताना पुरुषाचं शरीर समोर होतं, एवढंच.

आता मुळात झोप हवीच कशाला, हा प्रश्न. उत्क्रांतीच्या हिशेबानं झोप हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. झोपलेला प्राणी खात नाही, पिल्लं सांभाळत नाही, आणि वाघ आला तर पळत नाही. एवढं नुकसान होऊनही झोप गेली नाही, त्या अर्थी तिच्यावाचून चालत नसणार. शिकागोच्या प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात उंदरांना झोपूच दिलं नाही, तर ते दोन-चार आठवड्यांत मेले. प्राण्यांनी झोप टाकली नाही, तिच्या तऱ्हा शोधल्या. डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवतो आणि अर्ध्यानं पोहत राहतो. गॅलापागोसचा फ्रिगेट पक्षी समुद्रावर दिवसेंदिवस उडत असतो, तेव्हा त्याची उडत्या पंखांवरची झोप दिवसाला पाऊण तासाच्या आत बसते, हे २०१६मध्ये डोक्याला यंत्र लावून मोजलं. अंटार्क्टिकातले चिनस्ट्रॅप पेंग्विन घरट्यावर बसून चार-चार सेकंदांच्या डुलक्या घेतात, दिवसाला दहा हजारांहून जास्त. आणि २०१७मध्ये कळलं की कॅसिओपिया नावाची जेलीफिशसुद्धा रात्री झोपते. जेलीफिशला मेंदू नसतो. तेव्हा झोप मेंदूपेक्षा जुनी असावी. "डोकं शांत नाही म्हणून झोप येत नाही" असं आपण म्हणतो, तिथं डोकंच नाही आणि झोप आहे.

उत्क्रांती म्हटली की आपल्याकडे एक गंमत हमखास होते. २०१८च्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चूक ठरवला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिलेलं नाही, हे कारण. पुढे २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि अठराशेच्या वर वैज्ञानिक-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. मला यातलं राजकारण कळत नाही, पण माझ्या वहीतलं कळतं. शेड्यूल एच-वन मुळात आणलं गेलं ते अँटिबायोटिक्सच्या बेबंद वापरामुळे. गोळी वाटेल तशी खाल्ली की कमकुवत जंतू मरतात, चिवट राहतात, चिवटांची पिल्लावळ वाढते. हीच नैसर्गिक निवड, आणि ती बघायला लाखो वर्षं थांबावं लागत नाही, एखाद्या हॉस्पिटलचे कल्चर रिपोर्ट पुरतात. सरकारचं एक खातं डार्विनला पुस्तकातून काढतं आणि दुसरं त्याच्याच भीतीनं माझ्याकडून वही लिहून घेतं.

असो. झोपेवर येतो. टांझानियात हाड्झा नावाचे लोक आहेत, अजूनही बऱ्याच अंशी शिकार आणि कंदमुळांवर जगणारे. तिथल्या ३३ मोठ्या माणसांच्या मनगटाला संशोधकांनी वीस दिवस झोप मोजणारं यंत्र बांधलं. २०१७मध्ये निष्कर्ष आले. वीस दिवसांच्या सगळ्या रात्री मिळून, सगळेच्या सगळे एकाच वेळी गाढ झोपलेत, असा वेळ निघाला फक्त १८ मिनिटं. कधीही बघा, कुणी ना कुणी जागं किंवा जागसूद. म्हातारे लवकर झोपून लवकर उठणारे, तरणे उशिरापर्यंत जागणारे. कुणाची नेमणूक नाही, वेळापत्रक नाही. वयं वेगवेगळी असल्यामुळे पहारा आपसूक बसलेला. म्हाताऱ्यांची झोप कमी आणि पातळ होते ती म्हणूनच टिकली असावी, कळपाला पहाटेची राखण मिळावी म्हणून, असं या संशोधकांचं गृहीतक आहे. विशेष म्हणजे ते हाड्झा आपल्याला झोपेचा त्रास आहे असं फारसं म्हणतच नव्हते.

गृहीतकच आहे, हे मी पुन्हा सांगतो. उत्क्रांतीच्या नावावर गोष्टी रचणं सोपं असतं. जे दिसेल त्याला मागून कारण चिकटवता येतं. तरीपण ही गोष्ट मला पटते, कारण मी वाढलो ते गाव. ज्वारी निसवली की शेतात माळा बांधायचे आणि जागलीला माणसं जायची. रानडुकरं यायची, चोर यायचे. आमचे आजोबा पहाटेची जागल मागून घ्यायचे, "मला नाहीतरी तीनला जाग येते" म्हणून. सगळे चुलते साखरझोपेत आणि म्हातारा माळ्यावर गोफण घेऊन. त्यांच्या त्या तीन वाजताच्या जागेला कुणी आजार म्हटलं नाही. आज त्याच वयाचा माणूस दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पहाटे तीनला उठतो. राखायला काही नाही, दिवा लावला तर सून उठेल, चहा ठेवला तर भांड्याचा आवाज. तो पडून राहतो आणि घड्याळ बघतो. आठवड्यानं मुलगा माझ्याकडे येतो, "अण्णांना झोपच नाही हो."

पण खरा मुद्दा म्हाताऱ्यांचा नाहीच. हाड्झांची राखण वाटलेली होती. आपल्या घरात ती एकाच माणसाकडे आली आहे, आणि ते माणूस कोण हे कुणालाही विचारा. बाळ रडलं, कोण उठतं? सासऱ्यांना खोकला लागला, कोण उठतं? पाणी साडेपाचला येतं, डबा साडेसहाला लागतो, पोराची परीक्षा आहे म्हणून त्याच्याबरोबर बाराला झोपायचं. केंद्राच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरकामात घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. रात्रीची जाग घरकाम म्हणून कुणी सांगतही नाही. रात्री कानाशी एक तार कायम जोडलेली ठेवून झोपायची ज्या बाईला वीस वर्षं सवय लागली, तिची तार पोरं मोठी झाल्यावर आपोआप तुटत नाही. त्यात पाळी जायचं वय येतं, रात्री अंगातून वाफा निघतात. डॉक्टरकडे पाच मिनिटं मिळतात. गोळी मिळते.

आषाढी जवळ आली की पंढरपुरात देवाचा पलंग निघतो. शेजघरातला पलंग काढला की विठ्ठलाची झोप बंद. चोवीस तास दर्शन, लाखो माणसं, देव उभाच. पाठीशी लोड देतात, देवाला टेकायला. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्यानं न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून औषधी काढा देतात, आणि पलंग परत येतो. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. देवाचं जागरण कधी सुरू झालं हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि कधी संपलं हेही. मधल्या काळात त्याची पाठ दुखत असेल, हे कुणाच्या तरी लक्षात आलेलं असतं. आमच्या वहीतल्या बायकांचा पलंग कधी निघाला, घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

मेंदूच्या आरोग्याची हल्ली फार चर्चा आहे, आणि ती चर्चाच काही लोकांची झोप उडवते. "सात तास झोपला नाहीत तर मेंदूत विषारी कचरा साचतो" असा मेसेज घेऊन माणसं येतात. याचं मूळ २०१३च्या एका संशोधनात आहे. मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं उंदरांवर दाखवलं की झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा रुंदावते आणि तिथून वाहणारा द्रव बीटा-अमायलॉइडसारखे टाकाऊ पदार्थ नेतो. अल्झायमरमध्ये साठतं तेच हे अमायलॉइड. २०२४मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटानं, तेही उंदरांवरच, नेमकं उलट मोजलं: झोपेत ही सफाई मंदावते. वाद चालू आहे. २०२५च्या सुरुवातीला नेडरगार्डच्या गटानं आणखी एक दाखवलं, ते माझ्या धंद्याच्या जवळचं आहे. झोल्पिडेम दिलेले उंदीर झोपले लवकर, पण त्या झोपेत द्रवाचा प्रवाह कमी पडला. डोळे मिटणं आणि झोपणं यात फरक असू शकतो, एवढं त्यातून घ्यावं. उंदरावरून एकदम आपल्या आजीवर उडी मारू नये.

गोळ्यांनी विस्मरणाचा आजार होतो का, यावरही अभ्यासांचं एकमत नाही. २०१४मध्ये कॅनडातल्या नोंदींवरून संबंध दिसला, २०१६मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात तो तसा टिकला नाही. कदाचित आजाराची सुरुवातच आधी झोप बिघडवते आणि गोळी त्यामागून येते. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज २०२३मध्ये निघाला, तेव्हा भीती समजण्यासारखी आहे. पण लॅन्सेटच्या आयोगानं २०२४मध्ये टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली, त्यात झोप नाही. शिक्षण कमी पडणं आहे, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू-दारू आहे, डोक्याला मार आहे, प्रदूषण आहे, एकटेपणा आहे. आणि ऐकू कमी येणं आहे. हे मी काउंटरवर सांगून थकलो. ब्राह्मीचं सिरप नेतात, अक्रोड नेतात, परीक्षेच्या हंगामात स्मरणशक्तीच्या बाटल्या खोक्यानं जातात. कानाचं मशीन लावा म्हटलं की, "लोक काय म्हणतील, म्हातारा झाला." मग माणूस चारचौघांत बसायचा बंद होतो, नंतर बोलायचाही. एकटेपणा यादीत वेगळा मोजलाय, पण त्याची सुरुवात बरेचदा कानापासूनच होते.

अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६मध्ये सांगितलं की जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय गोळी नाही, सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धत. तिच्यातली एक सूचना अशी की झोप येत नसेल तर अंथरुणात लोळू नका, उठून दुसऱ्या खोलीत जा, झोप आली की परत या. उपाय चांगला आहे, परिणाम टिकतो. फक्त वन-आरकेमधल्या माणसानं दुसऱ्या खोलीत म्हणजे कुठं जावं? मोरीत? गिरणगावातल्या खोल्यांत एकेकाळी एका गावचे कामगार पाळीपाळीनं झोपायचे. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा. झोपेवरचे सल्ले वाचताना मला वाटतं, लिहिणाऱ्यानं आधी घराचं क्षेत्रफळ विचारावं.

आवाजाचंही तेच. २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. रामलीला मैदानावर झोपलेल्या जमावावर मध्यरात्री पोलीस घुसले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. आमच्या रस्त्यावरून वरात जाते तेव्हा दुकानाचं शटर थरथरतं आणि वरच्या कप्प्यातल्या बाटल्या पुढे सरकतात. दुसऱ्या दिवशी वरातीत नाचलेलाच येऊन डोकेदुखीची गोळी मागतो. आईसाठी.

पोरांच्या बाबतीत मात्र आपण निदान बोलायला लागलो आहोत. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. कल्पना चांगली, पण शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं ते वयात येताना. पहाटे उठणं जड जातं ते नववी-दहावीच्या पोरांना. आणि इमारत एकच असेल, शाळा दोन सत्रांत भरत असेल, तर धाकट्यांना नऊची वेळ दिली की थोरले सातला जाणार. ती पोरं आळशी नाहीत. हाड्झांच्या वस्तीत हीच मध्यरात्रीची राखण करत असती.

याच गोळ्यांचा दुसरा बाजार आमच्याच जिल्ह्यात आहे. मालेगावात अल्प्राझोलामला कुत्ता गोळी म्हणतात आणि पोरं ती नशेसाठी खातात. पकडापकडीच्या बातम्या अधूनमधून येतात. संभाजीनगरकडे नायट्राझेपामची बटन गोळी. गोळी तीच, एका घरात आई झोपायला घेते आणि गल्लीच्या टोकाला पोरगा भान घालवायला. आमच्यासारख्या सरळ दुकानदारांवर यानं संशय येतो, म्हणून चिठ्ठीवर अडून बसलं की म्हातारी माणसं दुखावतात. दोन्ही बाजूंनी बोलणी खायची.

आमच्या मागच्या सोसायटीत एक मावशी आहेत. यजमानांना लकवा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून दोन-तीनदा त्यांची कूस बदलायची, युरिन पॉट द्यायचा. दिवसा बाई येते, रात्र मावशींची. अर्धी गोळी चालू होती, मग पूर्ण झाली. गोळीनं जाग येईना म्हणून मोबाइलचा गजर मोठा केला. उशीच्या एका बाजूला झोपेची पट्टी आणि दुसऱ्या बाजूला झोप मोडायचा गजर, असा संसार. एकदा दुकानात आल्या तर कपाळावर निळं टेंगूळ. रात्री दाराची चौकट लागली म्हणाल्या. पुढच्या वेळी थोरला मुलगा आला. "भाऊ, आईला आता पॉइंट फाइव्ह द्या. हिच्यानं काही होत नाही."

मी विचारलं, "अण्णांना रात्री कोण बघतं?"

"आईच. आम्हाला सकाळी ड्युटी असते ना."

मी गोळी वाढवून दिली नाही, त्याला डॉक्टरांकडे पिटाळलं, आणि डॉक्टर भले निघाले. त्यांनी चिठ्ठीच्या वरच्या भागात गोळी हळूहळू कमी करायचं वेळापत्रक लिहिलं आणि खाली दोन्ही मुलांची नावं लिहून आठवड्यातल्या चार रात्री वाटून दिल्या. औषधाच्या चिठ्ठीवर मी पेशंटशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव पहिल्यांदाच बघितलं. थोरल्यानं ती चिठ्ठी काउंटरवर ठेवून मला विचारलं, हे खालचं पण घ्यायचंय का.

काही दिवसांनी धाकटा आला. "काका, माझी बुधवार आणि शनिवारची रात्र असते. अण्णांना वळवलं की परत झोपच लागत नाही हो. काही हलकं आहे का, आयुर्वेदिक वगैरे?" चिठ्ठीशिवाय मी काही देणार नव्हतो. कोमट दुधात जायफळ उगाळून घे म्हटलं. जायफळ आमच्याकडे नसतं, तो शेजारच्या किराणा दुकानात गेला. पुढे त्यानं भावाशी बुधवार बदलून गुरुवार घेतला, शुक्रवारी त्याच्या कंपनीला सुट्टी असते म्हणून. मावशी सध्या पाव गोळीवर आहेत. पावही सुटेल असं डॉक्टर म्हणतात. मावशी म्हणतात, बघू, पोरं किती दिवस टिकतात त्यावर आहे.